नवी ॲडव्हेंचर मोटरसायकल विदर्भाच्या रस्त्यांसाठी कशी सज्ज करावी

नवी ॲडव्हेंचर मोटरसायकल घ्यायला गेले की शोरूममध्ये ॲक्सेसरीजची यादी पुढे येते. त्या यादीत क्रॅश गार्ड, बॅश प्लेट (इंजिनाखालची संरक्षक प्लेट), उंच काच, जादा दिवे, सामानाच्या पेट्या आणि टाकीवरचे स्टिकर हे सारे सारख्याच महत्त्वाचे असल्यासारखे एका रांगेत मांडलेले असते. हप्त्यात थोडीशीच भर पडते म्हणून अनेक जण संपूर्ण संच डिलिव्हरीच्या दिवशीच बसवून घेतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्यातले बरेचसे साहित्य काढून घराच्या कोपऱ्यात ठेवतात. हे साहित्य निवडण्याची कसोटी एकच असावी, असे माझे ठाम मत आहे. गाडी पडली आणि अमुक एक भाग मोडला, तर ती स्वतःच्या चाकांवर तालुक्याच्या गावापर्यंत येईल का? ज्या भागाबाबत उत्तर 'नाही' असे येते, त्याच्या संरक्षणावर आधी खर्च करावा. ज्या भागाबाबत उत्तर 'हो' असे येते, तो खरचटला तरी बिघडत नाही असे समजावे आणि त्याचा विचार पुढच्या वर्षी करावा.

आपल्याकडे ही कसोटी अधिक कडक लावावी लागते, कारण बिघाडाची जागा आणि मदतीची जागा यांत अंतर फार असते. भामरागडहून गडचिरोली आणि धारणीहून अमरावती, ही दोन्ही अंतरे शंभर किलोमीटरहून अधिक आहेत. वाटेतल्या गावांत पंक्चरवाला आणि वेल्डिंगवाला बहुधा सापडतो, पण या गाड्यांचे सुटे भाग तिथे मिळत नाहीत. शिवाय रस्ते एका प्रकारचे नाहीत. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ आणि वर्ध्याचा बराचसा भाग काळ्या मातीचा, कपाशी-तूर-सोयाबीनचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हा धानाचा पट्टा, जिथे बांधांवरच्या निसरड्या वाटा, मुरमाचे रस्ते आणि जंगलातून जाणारे उखडलेले डांबर एका दिवसात भेटते. म्हणून कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी आपली गाडी वर्षातला बहुतेक काळ कुठे धावणार आहे, हे कागदावर लिहून काढावे. शेताच्या पांदणीने रोज वावरात जाणाऱ्या कास्तकाराची यादी आणि महिन्यातून एकदा चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या नोकरदाराची यादी एकसारखी असू शकत नाही.

आधी चालवणारा

वरची कसोटी गाडीच्या कोणत्याही भागाआधी चालकाच्या शरीराला लागू होते. घोटा मोडला, तर शाबूत राहिलेल्या गाडीचा काही उपयोग नाही. त्यामुळे एकूण रकमेतला पहिला वाटा हेल्मेट, बूट, हातमोजे आणि जॅकेट यांना द्यावा आणि उरलेल्या पैशांत गाडीचे साहित्य बसवावे. दुर्दैवाने प्रत्यक्षात याच्या उलट क्रम दिसतो.

हेल्मेटवर आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक असलाच पाहिजे. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणित हेल्मेटच बनवता आणि विकता येते. ईसीई २२.०६ हे युरोपीय प्रमाणपत्र सोबत असेल तर उत्तम, पण रस्त्याच्या कडेला टांगलेल्या हेल्मेटवरचे नुसते चिकटवलेले स्टिकर हे प्रमाणपत्र नव्हे. ॲडव्हेंचर प्रकारच्या हेल्मेटला पुढे जी टोपीसारखी चोच असते, तिचा उपयोग मावळतीच्या उन्हात खरोखर होतो. मात्र वेग वाढला की ती वारा धरते आणि मान दुखू लागते. महामार्गावर जास्त फिरणाऱ्याने चोच काढता येईल असेच हेल्मेट निवडावे.

जॅकेट आणि पँट यांच्या बाबतीत आपला प्रश्न उन्हाचा आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, जास्त तापली की अंगावर येणारा वारा थंडावा देत नाही, उलट शरीरातले पाणी ओढून घेतो. जाळीदार जॅकेट मार्चपर्यंत सुखद वाटते आणि मे महिन्यात त्याच जाळीतून भट्टीचा झोत येतो. यावर इथल्या लोकांचा जुनाच उपाय चालतो: आत सुती बनियन किंवा सदरा भिजवून घालावा, मानेभोवती ओला दुपट्टा गुंडाळावा, त्याची टोके मात्र चाकात किंवा साखळीत जाणार नाहीत अशी जॅकेटच्या आत खोचावीत आणि दर तासाला थांबून पाणी प्यावे. आतल्या पॅडवर ईएन १६२१ हा क्रमांक आणि त्यापुढे लेव्हल १ किंवा लेव्हल २ असे छापलेले असते. हातापायांच्या पॅडची चाचणी घेताना लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत आघात पलीकडे पोहोचलेला चालतो आणि लेव्हल २ मध्ये तो २० किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. म्हणजे थोड्या जादा पैशांत संरक्षण बऱ्यापैकी वाढते. पाठीच्या जागी मात्र पुष्कळ जॅकेटांत नुसता फोमचा तुकडा असतो. विकत घेण्यापूर्वी तो बाहेर काढून बघावा आणि त्यावर ईएन १६२१-२ असे छापलेले नसेल, तर खरा पाठरक्षक वेगळा घ्यावा.

बुटांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. चिखलात गाडी आडवी होते तेव्हा पाय गाडी आणि जमीन यांच्यामध्ये अडकतो आणि घोटा पिळला जातो. शेतातले गमबूट पाणी अडवतात, पण घोट्याला आधार देत नाहीत. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक कवच असलेले, नडगीपर्यंत येणारे बूट महाग पडतात हे खरे, तरी क्रॅश गार्ड आणि बूट यांपैकी एकच परवडत असेल, तर माझा सल्ला बूट घेण्याचा आहे.

क्रॅश गार्ड आणि बॅश प्लेट

गाडीच्या साहित्यात पहिला मान क्रॅश गार्डचा. या गाड्या उंच आणि जड असतात. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो आहे आणि हीरोची हलकी समजली जाणारी एक्सपल्स २०० ४व्ही देखील सुमारे १६० किलोची आहे. त्यामुळे उभ्या जागी तोल गेला तरी इंजिनाचे झाकण, टाकी, रेडिएटर आणि गिअरचा पाय यांवर मोठा भार येतो. गार्ड निवडताना नळीच्या जाडीपेक्षा ती कुठे आणि किती ठिकाणी जोडली आहे, हे आधी बघावे. एका बाजूला निदान दोन, शक्यतो तीन ठिकाणी बोल्ट असावेत आणि दोन्ही बाजूंना जोडणारी एक आडवी नळी असावी, म्हणजे एका बाजूचा मार संपूर्ण सांगाड्यात वाटला जातो. एकाच बोल्टावर लटकलेला लांब गार्ड पहारीसारखा काम करतो: बाहेरच्या टोकाला बसलेला धक्का आतल्या बोल्टावर कित्येक पटींनी पोहोचतो आणि मग गार्ड सरळ राहून इंजिनाची बोल्ट बसवण्याची जागाच तडकते. अशी तडक गेली, तर दुरुस्तीचा खर्च गार्डच्या किमतीच्या अनेक पट होतो.

दुसरी गोष्ट रुंदीची. दिसायला भक्कम म्हणून पुष्कळ जण सर्वांत रुंद गार्ड पसंत करतात. पांदणीवर बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल झालेल्या असतात, दोन्ही बाजूंना धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी आत झुकलेल्या असतात, आणि तिथे रुंद गार्डचे टोक चाकोरीच्या कडेला किंवा बुंध्याला अडकते. हँडलच्या टोकांपेक्षा आत राहणारा आणि तरीही इंजिनाच्या झाकणांच्या पुरेसा बाहेर असलेला गार्ड आपल्याकडे योग्य. टाकीपर्यंत वर जाणारा दुमजली गार्ड ज्यांच्या गाडीत रेडिएटर बाजूला उघडा पडतो त्यांनी घ्यावा. बाकीच्यांना खालचा पुरतो आणि वजनही वाचते.

तालुक्याच्या लेथवाल्याकडून गार्ड बनवून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती सरसकट वाईट नाही. साध्या लोखंडी नळीचा गार्ड वाकला तर कुठल्याही गावात तापवून सरळ करता येतो, वेल्डिंग करता येते. स्टेनलेस स्टीलचा गार्ड गंजत नाही, पण त्याचे नीट वेल्डिंग करणारा कारागीर प्रत्येक गावात मिळत नाही. मात्र माप घेताना गाडी स्टँडवर उभी असते, शॉक दाबलेले नसतात आणि हँडल सरळ असते, हे लक्षात ठेवावे. गार्ड पक्का करण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावे, दोन माणसे बसवून पुढचा शॉक दाबून बघावा, आणि ऑइल फिल्टर व ऑइल काढण्याचा बोल्ट गार्ड न काढता उघडता येतो ना, याची खात्री करावी. गाडीवर बसवलेल्या स्थितीत वेल्डिंग कधीच करू देऊ नये. गार्ड उतरवूनच करावे, आणि अगदीच नाइलाज असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडावी, नाही तर इंजिन नियंत्रित करणारा संगणक जळण्याचा धोका असतो.

बॅश प्लेटच्या बाबतीत प्रथम वाकून गाडीखाली बघावे. काही गाड्यांना कंपनीकडूनच प्लेट येते, पण ती धातूची आहे की प्लॅस्टिकची, आणि सायलेन्सरच्या नळीचा खालचा भाग तिने झाकला आहे की नाही, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. गिट्टीच्या रस्त्यावर पुढच्या चाकाने उडालेले दगड आणि जंगलातल्या नाल्यातले गोटे यांसाठी साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट पुरेशी आहे. लोखंडी प्लेट स्वस्त आणि टणक असते, मात्र जड असते आणि गंज धरते.

पण काळ्या मातीत प्लेटचा एक दोष असा आहे की तो चकचकीत जाहिरातीत दिसत नाही. ही माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. पहिल्या पावसानंतरच्या पांदणीवर शंभर-दोनशे मीटर गेले की चिखलाचे लोंदे प्लेट आणि इंजिन यांच्या मधल्या जागेत दाबून भरतात, ऑइल काढण्याच्या बोल्टाभोवती, इंजिनावरच्या उष्णता सोडणाऱ्या पंखांमध्ये शिरतात आणि उष्णतेने तिथेच विटेसारखे वाळतात. मग इंजिन गार होत नाही आणि घरी आल्यावर पाण्याचा जोर लावूनही ते निघत नाहीत. म्हणून प्लेटला खालून मोठी भोके असावीत, तिची मागची कड उघडी असावी, आणि ती चार बोल्ट काढले की सुटी होईल अशी असावी. पावसाळ्यात दर आठवड्याला ती उतरवून धुण्याची तयारी नसेल, तर पश्चिम विदर्भातल्या माणसाने फार मोठी, बाजूंनी बंद प्लेट घेऊ नये. धानाच्या पट्ट्यात आणि मुरमाड भागात हा त्रास बराच कमी होतो; तिथे मोठी प्लेट निःशंक घ्यावी.

हाच नियम पुढच्या मडगार्डला लागू पडतो. मडगार्डला खाली प्लॅस्टिकची वाढीव पट्टी लावली की रेडिएटरवर उडणारा चिखल आणि खडे कमी होतात, आणि डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्यावर ही पट्टी फार उपयोगी आहे. काळ्या मातीत मात्र चाक आणि मडगार्ड यांच्या मधली फट हीच गाडीची जीवनरेखा असते. ती फट भरली की पुढचे चाक फिरायचे थांबते, आणि चालक खाली उतरून पऱ्हाटीच्या काडीने लोंदे उकरत बसतो. ज्या गाडीला पुढे वर चोचीसारखा एक आणि चाकालगत दुसरा असे दोन मडगार्ड आहेत, त्या गाडीचा चाकालगतचा मडगार्ड पावसाळ्यापुरता काढता येतो का, किंवा वर उचलणाऱ्या पट्ट्या मिळतात का, हे घेतानाच विचारून ठेवावे. तो काढला तर चिखल अंगावर येईल, पण गाडी चालत राहील.

साइड स्टँडच्या खाली बसवायची रुंद पट्टी ही यादीतली सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे आणि मऊ जमिनीत तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. कंपनीचा स्टँड जमिनीला फार थोड्या जागी टेकतो. भिजलेल्या वावराच्या कडेला गाडी उभी केली की तो हळूहळू खाली जातो आणि दहा मिनिटांनी गाडी आडवी झालेली दिसते. पट्टी बसवल्यावर स्टँड वर उचललेल्या अवस्थेत ती साखळीला किंवा सायलेन्सरला लागत नाही ना, एवढे तपासावे.

हात, लिव्हर आणि रेडिएटर

हँड गार्ड दोन प्रकारचे असतात. एक नुसता प्लॅस्टिकचा, एकाच टोकाला जोडलेला. तो वारा, पाऊस आणि झुडपांचे फटके अडवतो. दुसऱ्याच्या आत ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि ती हँडलच्या टोकाला व मध्ये अशी दोन ठिकाणी घट्ट बसते. गाडी पडल्यावर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर वाचवतो तो दुसरा. पांदणीवर, बांबूच्या जंगलात किंवा तुरीच्या ओळींमधून जाणाऱ्याने दुसराच घ्यावा. त्याबरोबर एक बारीक युक्ती करावी: लिव्हरचे क्लॅम्प हँडलवर इतकेच आवळावेत की नेहमीच्या वापरात ते हलणार नाहीत, पण जोराचा धक्का बसला तर मोडण्याऐवजी फिरतील. आणि तरीही क्लचचा एक जादा लिव्हर सीटखाली ठेवावा. तो किमतीने मामुली असतो आणि तो मोडला तर गाडी जागेवरून निघताना फार अडते.

रेडिएटर गार्डची गरज गाडी पाण्याने गार होणारी आहे की तेलाने, यावर ठरते. हिमालयन ४५० आणि केटीएम ३९० ॲडव्हेंचर यांच्यात मोठा रेडिएटर समोर असतो. एक्सपल्स २०० ४व्ही आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स यांना छोटा ऑइल कूलर असतो. रेडिएटरला एक अणकुचीदार खडा लागला आणि कूलंट गळाले, तर उन्हाळ्यात गाडी काही किलोमीटरच्या पुढे नेता येत नाही, म्हणून इथे आपल्या कसोटीचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. जाळी मात्र फार बारीक नसावी, कारण चिखल, किडे आणि कपाशीच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू तिच्यावर थर धरतात आणि हवा अडते. ती मागच्या बाजूने, साध्या नळाच्या धारेने धुवावी. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने रेडिएटरचे पातळ पंख वाकतात.

टायर, काटे आणि हवा

नव्या गाडीचे टायर लगेच बदलण्याचा मोह टाळावा. या वर्गातल्या गाड्यांना कंपनीचे टायर बहुधा रस्ता आणि कच्चा मार्ग दोन्हींवर चालणारे असतात आणि ते झिजेपर्यंत आपल्याला काय हवे ते कळलेले असते. पुढे बदलताना एवढे ध्यानात घ्यावे की मोठ्या गठ्ठ्यांचे टायर मुरमावर आणि रेतीत पकड देतात, पण काळ्या चिखलात त्यांच्या खाचाही भरतात. त्या चिखलात तारणारा टायर अजून कुणी बनवलेला नाही. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस पांदण वाळू देणे, हाच तिथला खरा उपाय आहे.

गाडीची चाके ट्यूबची आहेत की ट्यूबलेस, हे घेतानाच विचारावे. तारांच्या चाकांत तारांच्या भोकांतून हवा निघते म्हणून साधारणपणे ट्यूब घालावी लागते, आणि आपल्या बाभळीच्या काट्यांपुढे ट्यूब हा सर्वांत दुबळा भाग ठरतो. त्याच मॉडेलची ट्यूबलेस तारांची चाके कंपनी देत असेल, तर इतर सगळ्या सजावटीऐवजी त्यावर पैसे घालावेत. ट्यूब असेल तर टायर काढायचे दोन लिव्हर, हातपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप, ठिगळांचा संच आणि पुढच्या २१ इंची चाकाची एक ट्यूब जवळ ठेवावी. निकडीला ती मागच्या १७ किंवा १८ इंची चाकातही घालून गाव गाठता येते, मोठी ट्यूब लहान चाकात कशीबशी बसते, लहान ट्यूब मोठ्यात बसत नाही.

पंक्चर काढताना काट्याचे मोडलेले टोक टायरच्या आत राहते आणि नवी ट्यूब पुन्हा फुटते, असे फार वेळा घडते. बोट फिरवून ते टोक सापडत नाही, शिवाय बोटाला रुतते. टायरच्या आतून कापसाचा एक बोळा हळूहळू फिरवावा. जिथे तंतू अडकतात, तिथे काटा आहे. पक्कडीने तो आतून ओढून काढावा आणि बोळा पुन्हा एकदा पूर्ण फिरवावा, कारण बाभळीची फांदी ओलांडलेली असेल तर काटा एकटा नसतो.

जादा दिवे आणि वायरिंग

संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येणारे रोही (नीलगायी) आणि रानडुकरे हे आपल्याकडच्या अपघातांचे मोठे कारण आहे, म्हणून जादा दिव्यांची गरज मी मान्य करतो. मात्र हे प्राणी समोरून येत नाहीत, बाजूच्या तुरीतून किंवा कपाशीतून एकदम आडवे येतात. त्यामुळे लांब झोत टाकणाऱ्या दिव्यापेक्षा कडेचा भाग उजळणारा पसरट दिवा उपयोगी, आणि धूळ-धुक्यात पिवळा प्रकाश डोळ्यांना कमी त्रास देतो. दिवे खाली बसवावेत आणि संध्याकाळी घराच्या भिंतीसमोर गाडी उभी करून प्रकाशाची वरची कड हेडलाइटच्या उंचीच्या खालीच राहील असे वळवावेत. समोरून वाहन आले की ते बंद करता येतील असे बटण अंगठ्याजवळ हवे. गाववाटेवर समोरून येणारा बहुधा आपल्याच गावचा सायकलस्वार किंवा पायी चालणारा असतो आणि तो दिपून नाल्यात गेला तर दोष आपला असतो.

वायरिंगच्या बाबतीत तडजोड करू नये. २० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर वीज घेतात. त्यासाठी ५ अँपिअरचा फ्यूज, एक रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि थेट बॅटरीवरून आलेली जाड तार लागते. हेडलाइटची तार सोलून तिला दिवे जोडणाऱ्या मिस्त्रीला गाडीला हात लावू देऊ नये, कारण मूळ तार कापली की वॉरंटीवर प्रश्न उभा राहतो आणि पावसात पहिला बिघाड नेमका तिथेच होतो. कंपनीच्या कपलिंगला जुळणारा तारांचा तयार संच, म्हणजे हार्नेस, मिळत असेल तर तोच घ्यावा. मोबाइलच्या चार्जरलाही फ्यूज हवाच. मोबाइल होल्डर कंपने शोषणारा असावा, नाही तर फोनच्या कॅमेऱ्यातली भिंगे स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मेळघाटात आणि दक्षिण गडचिरोलीत मोठ्या अंतरावर नेटवर्क नसते, म्हणून नकाशा निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

सामान, काच आणि उंची

ॲल्युमिनियमच्या पेट्या रुबाबदार दिसतात आणि त्यांना कुलूप लागते. पण चिखलात पाय टेकवत जाताना पेटीची कड पिंढरीवर येते आणि गाडी पडली तर पाय तिच्याखाली सापडतो. कच्च्या वाटांसाठी कापडी, पाणी न शिरणाऱ्या पिशव्याच बऱ्या. टेल रॅकवर किती किलो ठेवता येतात ते मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि तो आकडा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा फार लहान असतो. शेतीच्या घरात गाडी आली की युरियाची ४५ किलोची बॅग रॅकवर बांधली जाणारच, म्हणून आधीच सांगतो: त्या वजनाने मागचा सांगाडा तडकतो आणि पुढचे चाक हलके होऊन वळणावर पकड सुटते. बॅग न्यायचीच असेल तर ती सीटवर, चालकाच्या लगत, खाली आणि पुढे बांधावी.

उंच काचेची घाई करू नये. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे आपला प्रवास बहुतांशी कमी वेगाच्या रस्त्यांवर होतो आणि उन्हाळ्यात उंच काच छातीवरचा वारा अडवते. पाय टेकत नाहीत म्हणून शॉकची जोडपट्टी बदलून गाडी खाली उतरवण्याचा सल्ला कुणी दिला, तर आधी कंपनीचे कमी उंचीचे सीट मिळते का ते पाहावे, कारण जोडपट्टी बदलली की जमिनीपासूनची उंची जाते आणि बॅश प्लेट घेतल्याचा हेतूच मावळतो.

कायदा, विमा आणि पहिले दोनशे किलोमीटर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल वाहनात करता येत नाहीत. गार्ड, रॅक, पिशव्या यांनी अडचण येत नाही. आवाज करणारा सायलेन्सर, काढून टाकलेली मागे बसणाऱ्याची पकड आणि साडी गार्ड, सामानाने झाकलेली नंबर प्लेट यांनी येते. विम्याच्या वेळी विजेवर चालणारे जादा साहित्य पॉलिसीत आयएमटी २४ या कलमाखाली वेगळे नोंदवून घ्यावे आणि त्यांची पक्की बिले जपून ठेवावीत. नोंदच नसेल तर अपघातानंतर त्या वस्तूंची भरपाई मिळत नाही.

सगळे साहित्य एकदम बसवू नये. क्रॅश गार्ड, हँड गार्ड आणि स्टँडची पट्टी डिलिव्हरीच्या वेळी, रेडिएटर गार्ड आणि बॅश प्लेट पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी आणि दिवे त्यानंतर, असा क्रम ठेवला तर कशामुळे कोणता आवाज किंवा कंप सुरू झाला, हे ओळखता येते. इंजिनाला जोडणारे बोल्ट टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच), मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायला सांगावे आणि ते आवळले जात असताना स्वतः उभे राहावे. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून घ्यावी. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर, आणि पुढे गिट्टीच्या रस्त्यावरून आल्यावर प्रत्येक वेळी, या रेघांवरून नजर फिरवावी. जिथे रेघ तुटलेली दिसेल तिथला बोल्ट सैल झाला आहे, तो पुन्हा त्याच आकड्यापर्यंत आवळून घ्यावा, आणि तोच बोल्ट दुसऱ्यांदा सैल झाला तर त्याला लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून बसवावा.